मिरचीचं बी, उद्यमनगर

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, म्हणतात.
यंदा ती गेलीच नाही.
रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून परत आली
आणि आमच्या जिन्यात बसली.

होळी झाली. पोरं बोंबलून दमली.
तरी पहाटे पंचगंगेवरून धुकं यायचं
आणि जोतिबाचा डोंगर
पाटीवरून कुणी पुसल्यासारखा.

गच्चीवर माझ्या अकरा करवंट्या,
सात दुधाच्या पिशव्या, एक फुटकं हेल्मेट.
त्यांत मिरची, वांगं, दोडका, कारलं,
कडेला झेंडू, आणि झिनिया,
जिचं बी तळहातावर घेऊन यशोदा म्हणाली,
"हे बी हाय, का बिडीचा चुरा?"

माती मी चाळली कारखान्यातून टाकून दिलेल्या चाळणीनं.
मोल्डर माणूस मी. एकतीस वर्षं वाळू चाळतोय.
वाळूत पोकळी करायची, कड न ढासळता,
आणि बाजूला व्हायचं.
पुढचं लोखंड बघून घेतं.
बी टोचताना वाटलं,
हे काम आपल्याला येतं.

येत नव्हतं.
लोखंड शिफ्टच्या आत थिजतं, आकार देतं.
इथं बारा दिवस करवंट्या गप्प.
कारल्याचं बी, कासवाच्या पाठीसारखं नक्षीदार,
नेलकटरनं टोक छाटलं,
रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं,
फडक्यात बांधून पिठाच्या डब्यामागं दडवलं, मगच पेरलं.
डबा ओढताना पुरचुंडी यशोदेच्या पायावर पडली होती तेव्हा.
"मी कुणाचं बाळंतपण करतोय,
एवढं तरी सांगा."

तेराव्या दिवशी मी एक उकरलं.
नुसतं बघायला.
काडेपेटीतल्या काडीनं.

खाली पांढरं, दोऱ्याएवढं, वाकडं काहीतरी
निघालेलं होतं.
मला न सांगता निघालेलं,
आणि माझ्या काडीनं मोडलं.

कास्टिंग बिघडलं तर आम्ही फोडतो,
तुकडे परत भट्टीत टाकतो, वितळवतो.
ह्याचं काय करतात?
मी ते होतं तसं ठेवलं, माती लोटली,
चार थेंब पाणी शिंपडलं
आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून
शेजारच्या गच्चीकडं बघितलं.

मग राहिलेली मिरची सायकलला अडकवून
सरळ कारखान्यात नेली.
कोअरच्या भट्टीवर मुजावर असतो.
"मिरच्या भाजायच्यात व्हय?" म्हणाला.
मग हातमोजा काढून
भट्टीचं छप्पर वीतवीतभर चाचपत गेला
आणि एका कोपऱ्यात थांबला.
"इथं हात टिकतोय. इथं ठेव."

जिनगोंडा पॅटर्नमेकर. त्यानं दुपारच्या सुट्टीत
सागवानाच्या तुकड्यांचा ट्रे केला,
पॅटर्नला देतात तसा कडांना उतार दिलेला.
"रोप काढताना अडाय नको," एवढंच बोलला.

साहेब फेरीवर आले. थांबले. चष्मा वर केला.
"हे कुठल्या ऑर्डरचं?"
मुजावर म्हणाला,
"एप्रिलची डिलिव्हरी हाय साहेब."

चौथ्या रात्रपाळीला, चहाच्या आधी,
पहिली मिरची वर आली.
आधी पाठ, मग मान;
डोकं अजून मातीत,
जड पोतं उचलणारा हमाल कसा
शेवटी वर बघतो, तशी.
आम्ही तिघं बॅटरी धरून उभे.
कुणी काही बोललं नाही.
बाहेर थंडी होतीच,
पत्र्यावर दव टपटपत होतं.

आता घरी दोडका चढायला दोरी मागतोय,
हेल्मेटात बिडीचा चुरा हिरवा झालाय.
अकराव्या करवंटीत मात्र काही नाही.
यशोदा म्हणते, ती माती तरी मोकळी करा.
करतो, म्हणतो.
संध्याकाळी सगळ्यांबरोबर
तिलाही पाणी घालतो.